चेर्नोबिलच्या अभ्यासाला सुरुवात करताना

चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघाताचे आरोग्यावरील परिणाम अभ्यासताना तुम्ही जमिनीवर पडलेल्या किरणोत्सारी सीझिअमच्या नकाशापासून सुरुवात केली, हे स्वाभाविक आहे. जवळजवळ सगळेच तसे करतात. मात्र जमिनीवर किती बेकरेल (किरणोत्सारितेचे एकक) पडले यावरून माणसाच्या शरीराला किती सिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) मात्रा मिळाली हे थेट कळत नाही, आणि आरोग्याचा प्रश्न मात्रेचा आहे.

म्हणून आधी दूध पाहा. एप्रिल १९८६ मधील अपघातानंतरच्या आठवड्यांत किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि ते दूध प्यायलेल्या मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठले. त्या आयोडीनचा अर्धायुकाल (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे ८ दिवसांचा असल्यामुळे ते लवकरच नाहीसे झाले, परंतु बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांतील मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाची वाढ काही वर्षांनी स्पष्ट दिसू लागली. सुमारे ३० वर्षे अर्धायुकाल असलेल्या सीझिअम-१३७ चा आजचा नकाशा ही गोष्ट सांगू शकत नाही.

नवख्यांच्या दोन चुका विशेष टाळा:

- लाखो लोकांना मिळालेल्या अत्यल्प मात्रांची बेरीज करून मृत्यूंचा आकडा काढणे. (वृत्तपत्रांना असे आकडे फार आवडतात.)
- तपासणीचा परिणाम विसरणे. २०११ च्या अणुअपघातानंतर जपानमधील फुकुशिमात लाखो मुलांच्या थायरॉइडची सोनोग्राफी झाली. इतक्या बारकाईने शोधल्यावर एरवी लक्षातही न आलेल्या गाठी सापडतात.

स्थलांतर आणि भीती यांचे मानसिक परिणामही मोजणीत घ्या. संख्याशास्त्रीय प्रारूपांकडे इतक्यात वळू नका. आधी एकाच गावाची मात्रा नीट काढून पाहा.