वाचकांचे प्रश्न: बँड एकच, प्रथिने दोन

प्रश्न: ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीत स्प्लायसिंग फॅक्टर (आरएनए-संदेशात जनुकाचे कुठले तुकडे ठेवायचे, कुठले गाळायचे ते ठरवणारी प्रथिने) नेमके काय करतात? प्रोजेक्टसाठी पीकेएम (पायरुवेट कायनेज) जनुकाचा आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए-प्रत काढून ती वाढवण्याची चाचणी) केला, तर गाठ आणि निरोगी ऊती, दोन्हींचा बँड एकाच जागी आला. चुकलं कुठे?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, खारघर

उत्तर: चुकलं नाही, काम अर्धं राहिलंय. पीकेएमचे एक्झॉन (जनुकाचे संदेशात जाऊ शकणारे तुकडे) ९ आणि १० दोन्ही १६७ अक्षरांचे, आणि संदेशात त्यातला एकच टिकतो. नववा राहिला तर एम१ हे प्रथिन, दहावा राहिला तर एम२. लांबी सारखीच, मग जेलवर फरक दिसणार कसा? प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए-तुकडे) एक्झॉन ८ आणि ११ वर ठेवा आणि पीसीआरचा माल पीएसटी-वन एन्झाइमने कापा. एम२ तुटतो, एम१ अखंड राहतो. एनको-वन या दुसऱ्या एन्झाइमने उलट ताळा करा. न कापलेला नमुना शेजारच्या खान्यात हवाच. पीसीआरची चक्रं मात्र आवरती ठेवा. शेवटी शेवटी एम१ आणि एम२ चे धागे एकमेकांत जुळतात आणि ती जोडी नीट कापली जात नाही. शिवाय अॅस्ट्रोसाइटमध्येही (मेंदूतल्या आधारपेशींतही) एम२ असतो, म्हणून ‘निरोगी’ नमुना मेंदूच्या कुठल्या भागातला, हे नोंदवा.

आता फॅक्टरांकडे. पीटीबीपी१, एचएनआरएनपी-ए१ आणि ए२ हे तीन फॅक्टर नवव्या एक्झॉनच्या आजूबाजूला बसून त्याला झाकतात, म्हणून दहावा निवडला जातो. पेशींची वाढ चेतवणारं मिक जनुक या तिघांचं उत्पादन वाढवतं. एम२ ग्लुकोज जाळण्याची शेवटची पायरी संथ करू शकतो. मग त्याआधीच्या पायऱ्यांचा माल तुंबतो आणि नव्या पेशींचे डीएनए, अमिनो आम्लं बांधायला वळतो. चेतापेशी तयार होताना मिर-१२४ हा छोटा आरएनए पीटीबीपी१ ला दाबतो. गाठीत पीटीबीपी१ पुन्हा डोकं वर काढतो. तोच अॅनेक्सिन ए७ या दुसऱ्या जनुकाचा सहावा एक्झॉन गाळायला लावतो. त्यामुळे ईजीएफआर (वाढीचा इशारा घेणारं पेशीवरचं प्रथिन) मोडीत निघत नाही आणि वाढीचा इशारा चालूच राहतो. (ईजीएफआर-व्ही-थ्री हा प्रकार मात्र स्प्लायसिंगचा नव्हे. तिथे डीएनएमधूनच एक्झॉन २ ते ७ गेलेले असतात. ही गफलत परीक्षेत हमखास होते.)

प्रश्न: भावाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये स्प्लायसिंगची तपासणी नाही. वेगळी करून घ्यावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: नको, तिच्यावर आज उपचार ठरत नाहीत. आयडीएच जनुकात बदल (म्युटेशन) आहे का आणि एमजीएमटी जनुकाचं मिथायलेशन (डीएनएवर लागलेली रासायनिक खूण) झालंय का, ते आधी पाहा. दुसऱ्यावरून टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो. दुसरं मत घ्यायला खारघरच्या अॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राला) किंवा कुठेही जाताना नुसता कागद नेऊ नका, पॅराफिन ब्लॉक (फॉर्मलिनमध्ये ठेवून मग मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या. फॉर्मलिनमध्ये आरएनएचे तुकडे होत असले, तरी पुढच्या बहुतेक तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात.