ईएमएमसीवर ओएस टाकताना

अरे, छोट्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरच्या ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या स्टोरेज चिपवर, थेट उडी मारू नकोस, आधी एसडी कार्डवर आर्मबियन (अशा बोर्डांसाठीची लिनक्स ओएस) टाकून बोर्ड नीट चालू होतोय का बघ, वायफाय, एचडीएमआय सगळं, मगच पुढे जा. मग टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (lsblk, स्टोरेजची यादी दाखवणारी कमांड) चालव, दोन्ही स्टोरेज दिसतील, त्यात ज्याच्या नावापुढे बूट० आणि बूट१ लागलेलं दिसतंय ती ईएमएमसी, नुसत्या साइझवरून ठरवू नकोस, मी एकदा घाईत चालू कार्डच पुसून बसलो होतो 😅 नंतर आर्मबियन-इन्स्टॉल ही कमांड चालव, ती ओएस ईएमएमसीवर कॉपी करते आणि बूटलोडरपण (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्राम) टाकते. झालं की पॉवरऑफ कर, कार्ड काढ, मग चालू कर. आणि हो, अ‍ॅडॉप्टर दमदार वापर, मध्येच वीज तुटली की पुन्हा पहिल्यापासून. चालू नाहीच झाला तरी घाबरू नकोस, कार्ड लावून परत बूट होतो शक्यतो.