सरांनी बोलावलंय

मी पुण्यात समुपदेशन करते. ऑगस्टात विमानात बसवून दिलेल्या मुलांबद्दलचे फोन मला ऑक्टोबरात यायला लागतात. फोन आयांचे असतात. “मॅडम, नीट बोलत नाही हो तो. अभ्यास जड जातोय म्हणतो. दहावीला ९५ टक्के होते त्याला!” पूर्वी हे फोन इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी असत. आता त्यात अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत गेलेल्या मुलांची भर पडली आहे. मुलांची तक्रार शब्द बदलून तीच असते : वर्गात सगळे बोलतात, मला बोलता येत नाही, मला इथे चुकून घेतलंय.

ओंकार त्यांच्यातलाच एक. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) सांगलीचा मुलगा, मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका अमेरिकन गावातल्या कॉलेजात गेलेला. पुण्यात सकाळचे साडेसात, त्याच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. त्या वेळेला आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटायचो. झोप, जेवण, जीव नकोसा होतो का, हे सगळं मी आधी विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. मग अडलंय कुठे?

“पेपर परत आला, मॅडम. सी प्लस.”

“बरं. आणि?”

“खाली लिहिलंय, ऑफिस अवर्समध्ये येऊन भेट.”

“मग भेटलास?”

“नाही.”

“किती दिवस झाले?”

“तीन आठवडे.”

हे तीन आठवडे कसे गेले असतील ते समजायला ही कॉलेजं कशी असतात ते माहीत हवं. नावात ‘आर्ट्स’ असलं तरी चित्रकलेशी त्यांचा संबंध एवढाच की तोही एक विषय असतो. तिथे मुख्यतः पदवीचंच शिक्षण असतं. मुलं साधारण दीड-दोन हजार, बहुतेक सगळी आवारातच राहणारी. एका वर्गात पंधरा-वीस जण, गोल बसून. गणिताचा मुलगा इतिहास घेतो, मुख्य विषय, म्हणजे मेजर, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवला तरी चालतो. आयोवातल्या ग्रिनेलमध्ये तर पहिल्या सत्रातलं एक ट्युटोरियल सोडलं तर सगळ्यांना सक्तीचा असा विषयच नाही. कागदावर हे सगळं फार छान दिसतं. पण आपल्याकडे ऐंशीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसून वर्ष काढता येतं. गोलाला मागचा बाक नसतो.

शिवाय प्रोफेसर त्याच डायनिंग हॉलमध्ये जेवायला येणार. ओंकारने त्यावरही उपाय काढला होता. भेटायला बोलावणाऱ्या प्रोफेसर बाई सहाच्या सुमाराला येतात, म्हणून हा पाचला, दार उघडताच जेवून घ्यायचा. “पाचला आमच्या घरी चहा असतो,” तो म्हणाला आणि पहिल्यांदा थोडा हसला.

इथे मी एक चूक केली. “अरे, जाऊन ये, काही होत नाही,” असं दोन कॉल सांगत राहिले. अठरा वर्षांच्या अनुभवानंतरही माणूस हे वाक्य बोलतो! तो मान हलवायचा आणि जायचा नाही. तिसऱ्या वेळी मी सल्ला आवरला आणि विचारलं, “शाळेत तुला सरांनी कधी बोलावलं होतं?”

बराच वेळ गप्प. मग : “आठवीत. एकदाच. वर्गातली खिडकी फुटली होती. मी फोडली नव्हती. पण ऑफिसात उभं केलं आणि वडिलांना घेऊन ये म्हणाले.”

“आणि वडील?”

“वडील सरांना ‘माफ करा’ म्हणाले. काय झालं ते मला विचारलंच नाही.”

त्या सकाळी माझा चहा कपातच गार झाला. इतकी वर्षं मी या मुलांना भाषेची भीती, इंग्रजीचा न्यूनगंड, घरची आठवण असली कारणं लावत होते. ती खोटी नव्हती, पण कुलूप दुसरीकडेच होतं. ‘सरांनी बोलावलंय’ या वाक्याला आपल्याकडे एकच अर्थ आहे. काहीतरी घडलंय, आणि ते तुझ्यावर येणार आहे. हुशार मुलांना तर त्या खोलीची सवयही नसते. जे कधी बोलावले गेलेच नाहीत, त्यांना बोलावणं म्हणजे थेट निकाल वाटतो. तिकडे प्रोफेसर आठवड्यातले ठरावीक तास दार उघडं ठेवून बसतात, मुलांनी यावं म्हणूनच, आणि कुणी आलं नाही तर आपणच ईमेल तपासत बसतात. हा माणूस मात्र त्या दारासमोरून जायचं टाळतो.

मी म्हटलं, “तुझ्या मनात एक वाक्य आहे. ते पूर्ण बोल. बाईंकडे जायचं तर...”

“...तर मला सगळं यायलाच पाहिजे.”

“यातला ‘च’ काढ.”

“सगळं यायला पाहिजे.”

“आता ‘पाहिजे’ काढून ‘आलं तर बरं’ घाल.”

“सगळं आलं तर बरं.” तो थांबला. “हे वेगळंच वाक्य झालं.”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे, ते लपवत नाही. घटना माणसाला जेवढी पाडत नाही तेवढा तो ‘च’ पाडतो. एलिस स्वतः एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरायचे. त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकांवर एकट्या बसलेल्या शंभराहून जास्त स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. ठरली ती एकच भेट, आणि ती मुलगीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती गेली. ही गोष्ट ओंकारला सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे नापास होऊनच सुटले.” यापेक्षा चांगला सारांश मी अजून ऐकलेला नाही.

पण खरा क्षण त्यानंतर आला, आणि तो मी आणला असं म्हणवत नाही. मी सहज विचारलं, पेपर कशावर होता? नद्या आणि धरणं. मग म्हटलं, तू सांगलीचा, २०१९ चा पूर पाहिला असशील. आणि हा मुलगा, वर्गात तोंड न उघडणारा, वीस मिनिटं बोलत सुटला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आजी पहिल्या मजल्यावर, खाली दुकानात पाणी. गल्लीत ज्याला विचाराल तो म्हणणार, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी सोडलं नाही म्हणून. सरकारी समितीने मात्र अलमट्टीला दोष दिला नाही. “मग आमचे लोक अजून अलमट्टीच का म्हणतात, मॅडम? सगळेच वेडे नाहीत ना?”

“हे वर्गात बोललास?”

“नाही. हे रीडिंगमध्ये नव्हतं.”

पेपरवरचा शेरा मी त्याला पुन्हा वाचायला लावला. बाईंनी लिहिलं होतं : सगळ्या लेखकांचं म्हणणं नीट मांडलं आहेस, पण तू स्वतः कुठे आहेस? आपल्याकडे उत्तरपत्रिकेत स्वतःला दिसू न देणं ही शिस्त असते. तीच शिस्त इथे सी प्लस झाली होती.

मग काम सोपं झालं. प्रत्येक तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत एक अर्धवट वाक्य बोलायचं, पूर्ण बोललास तर माझ्याकडे दंड. आणि बाईंकडे जाताना सोबत माफी न्यायची नाही, अलमट्टीचा प्रश्न न्यायचा.

आता आईवडिलांशी थोडं. ओंकारच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, “मेजर अजून ठरलं नाही, मग मी फी कशाची भरतोय?” प्रश्न रास्त आहे. एवढा पैसा घालणाऱ्याने विचारावाच. पण तो दर रविवारी विचारला की मुलगा वडिलांच्या समाधानासाठी विषय ठरवतो, आणि तसा ठरवलेला विषय पुढच्या वर्षी बदलतो. रविवारी ‘या आठवड्यात कशावर वाद झाला’ एवढं विचारून पाहा. पहिल्या सत्राच्या ग्रेडकडे थोडं सैल पाहायला हरकत नाही. स्वार्थमोर कॉलेज तर पहिल्या सत्राचे ग्रेड नोंदवतच नाही, विषय पूर्ण झाला की नाही एवढंच लिहितं. रुळायला वेळ लागतो हे त्यांनाही माहीत आहे.

आणि मुलांनो, घाबरून परस्पर विषय सोडू नका. स्टुडंट व्हिसावर ठरलेल्या क्रेडिटपेक्षा खाली जायचं तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी लागते, नाहीतर व्हिसावर येतं. लेखनात मदत करणारं केंद्र आवारातच असतं आणि तिथे चांगलं लिहिणारी मुलंही जातात. कॉलेजचा समुपदेशकही असतो. रात्री दोनला छाती धडधडली तर पुण्यातल्या माझ्यापेक्षा तोच जवळ आहे. मी ओंकारला त्यांच्याकडेही पाठवलं, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. (थोडा वाटला.)

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, आमची वेळ त्याच्या आठवर आली. अलमट्टीवर दुसरा पेपर झाला, बी मिळाला. जेवण सहावर आलं होतं.

डिसेंबरात एका सकाळी त्याच्या आईचा फोन आला. आवाज दबलेला.

“मॅडम, प्रोफेसर बाईंनी त्याला परत बोलावलंय म्हणे. काय केलं असेल हो त्यानं?”