पाणथरी काढली आहे? मग ताप अंगावर काढू नका

पाणथरी म्हणजे प्लीहा, डॉक्टरांच्या तोंडची 'स्प्लीन'. अपघातात फाटली म्हणून किंवा रक्ताच्या आजारापायी ती काढावी लागते. टाके सुकले की विषय संपला, असा समज जवळपास प्रत्येक पत्रात दिसतो, म्हणून पुन्हा लिहितो आहे.

प्रश्न : प्लीहा काढल्यावर दही, ताक, आंबट बंद करायचे का?

नाही.

प्रश्न : 12 वर्षांपूर्वी अपघातानंतर प्लीहा काढली. लशींबद्दल कोणी काही सांगितले नाही. आता घेऊन उपयोग आहे का?

आहे, आणि या आठवड्यातच विचारा. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी) या तीन जंतूंवरच्या लशी हव्यात, शिवाय दरवर्षी फ्लूची. ठरवून शस्त्रक्रिया होते तेव्हा त्या निदान दोन आठवडे आधी देतात. अपघातात तेवढी सवड नसते, म्हणून नंतर द्यायच्या असतात आणि नेमक्या तिथेच राहून जातात. कोणती आधी, मध्ये किती अंतर, बूस्टर कधी, हे जुने कागद दाखवून फिजिशियनकडून लिहून घ्या.

प्रश्न : मला ताप आला की दोन दिवस पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहतो. शेजारी म्हणतात, सध्या व्हायरलची साथ आहे. चालेल ना?

चालणार नाही. घरात इतरांना व्हायरल असेलही, पण तुमच्या तापाला ते नाव शेजाऱ्यांनी देऊ नये.

न्यूमोकोकससारख्या जंतूंभोवती निसरडे कवच असते. रक्त गाळताना त्यांना धरून ठेवणारी मुख्य चाळणी म्हणजे प्लीहा. ती नसली की जंतू रक्तात मोकाट वाढतात. सकाळी थंडी वाजते, अंग दुखते, कधी उलटी किंवा जुलाब होतात. फ्लू किंवा पोट बिघडल्यासारखेच वाटते. संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळू शकतो आणि 24 ते 48 तासांत माणूस दगावू शकतो. तुमचे ते 'दोन दिवस' म्हणजे हाच वेळ. पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका सर्वांत जास्त, पण तो जन्मभर राहतो. लशी घेतल्या तरी पूर्ण जात नाही, कारण लशीत जंतूंचे सगळे प्रकार नसतात.

म्हणून ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला किंवा हुडहुडी भरली, की त्याच तासाला दवाखाना. रात्र असली तरी. डॉक्टरांनी घरी ठेवायला अँटिबायोटिक लिहून दिले असेल तर पहिला डोस घ्या आणि निघा. डोस घेऊन बरे वाटते का बघत बसू नका. दारातच सांगा, 'माझी प्लीहा काढलेली आहे.' तसे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तीही त्यावर लिहा. कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे ते पाहायला, रक्त घेतात, पण अँटिबायोटिकचे इंजेक्शन त्या रिपोर्टसाठी थांबवायचे नसते.

प्रश्न : प्लीहा नसलेल्यांसाठी खास 'इम्युनिटी पावडर' एकाने सुचवली. घेऊ का?

नको. प्लीहेचे काम करणारी पावडर नाही. ती विकणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून मला राग येतो. तेच पैसे लशींना लावा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, सिकलसेल आहे. सोनोग्राफीत पाणथरी वाढलेली दिसते. म्हणजे तिची तर शाबूत आहे ना?

आकार आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वेड्यावाकड्या झालेल्या लाल रक्तपेशी अडकून पाणथरी लहानपणीच निकामी होऊ शकते, दिसायला मोठी असली तरी. या वयात रोजच्या पेनिसिलिनने गंभीर संसर्ग बराच टळतो. ते चालू आहे का, लशी पूर्ण आहेत का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा, मनाने सुरू किंवा बंद करू नका. पोट हाताने कसे तपासायचे तेही शिकून घ्या. पाणथरी अचानक वाढली आणि मूल पांढरे पडले, तर लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : प्लीहा नाही. कुत्र्याने हलकेच चावा घेतला, रेबीजची लस सुरू केली. पुरे?

पुरे नाही. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा हा जंतू तुमच्यासारख्यांना जिवावर बेततो आणि रेबीजच्या लशीचा त्याच्याशी संबंध नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि अँटिबायोटिकसाठी आजच डॉक्टरांना दाखवा. ओरखडा वाटला तरीही.