दुर्बिणीपाशी उभं राहण्याआधी

आकाशदर्शनाला दुर्बिणीपाशी पहिल्यांदाच उभा राहणार आहेस, म्हणून सांगतो. सिंहगडाच्या पायथ्याशी जमणारे लोक बऱ्याच ऐकीव गोष्टी घेऊन येतात. त्यांना हसू नकोस.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जेमतेम 400 किलोमीटर उंचीवर आहे. पुण्याहून नागपूर त्याहून लांब पडतं. तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असतं. स्थानक ताशी साधारण 28,000 किलोमीटर वेगाने पुढे जातं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे सतत पडतही असतं. आतली माणसंही सोबत पडतात, म्हणून वजन जाणवत नाही. हे दोनदा सांगावं लागलं तरी सांग. एवढं कळलं की चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो, तेही आपोआप उलगडतं. म्हणून मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो.

चंद्राची 'काळी बाजू' कायम अंधारात असते, हा गैरसमज दूर करायला फार वेळ लागत नाही. ती बाजू आपल्याला दिसत नाही, इतकंच. अमावास्येला तिथे लख्ख ऊन असतं.

उगवतीचा चंद्र मोठा असतो, यावर मात्र वाद घालत बसू नकोस. हात लांब करून करंगळीचं नख चंद्राशेजारी धरायला सांग. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवता आटवता हे सहज होतं: चंद्र उगवताना एकदा, डोक्यावर आला की पुन्हा. दोन्ही वेळा तो साधारण अर्ध्या नखाएवढाच भरतो.

आणि पोरांनी दुर्बिणीला धक्का दिला तर रागावू नकोस, पुन्हा लावून दे.