सावली कुठे पळून जात नाही

जुलैचा शेवटचा आठवडा. गोदावरीला पूर आलेला, आणि मी समुपदेशनाला बसते तिथे माझ्यासमोर ओली छत्री मांडीला टेकवून बसलेली एक आई. घर नाशिकच्या सिडकोत. ती एका पतसंस्थेत नोकरीला, नवरा सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये, मुलगा अकरावीत आणि जेईईच्या क्लासला. पाणी घ्या म्हटलं तर पेला हातातच राहिला. म्हणाली, "मॅडम, माझा मुलगा जुगार खेळतो."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला सोहम म्हणते. लिहिण्याआधी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारलं आहे.)

झालं असं होतं की रात्री साडेदहाला तो खोलीतून ओरडला, "गेले! जिओचे सगळे तीन हजार गेले!" पाठोपाठ काहीतरी आपटल्याचा आवाज. तिने दार उघडलं तर पोरगा रडत होता. तिने बँकेचे मेसेज पाहिले, फोनवरचे सगळे व्यवहार पाहिले, नवऱ्याचं पाकीट पाहिलं. एक रुपया कमी नव्हता. मग भीती आणखी वाढली, कारण मग पैसे आणले कुठून? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली कायद्याने बंदी आली, हे तिने वाचलं होतं. म्हणजे आता पोलीसही घरी येणार. आठ रात्री ही बाई झोपली नव्हती.

'मुलगा गेमपायी बिघडतोय का' हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे पालक सगळ्यात जास्त. त्यातल्या बहुतेकांनी मुलाचा गेम पाच मिनिटंही शेजारी बसून पाहिलेला नसतो. हा दोष देण्यासाठी सांगत नाही. दमून घरी आल्यावर कुकर लावायचा की गेम बघायचा, हे मला कळतं. पण न पाहिल्यामुळे भीतीला वाटेल तो आकार येतो.

पुढच्या वेळी सोहमला म्हटलं, लॅपटॉप घेऊन ये आणि मला दाखव. तो आधी संशयाने बघत राहिला. मग दाखवू लागला, आणि तासभर थांबला नाही.

गेमचं नाव हॉलो नाइट. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या छोट्याशा गटाने २०१७ मध्ये आणलेला. जमिनीखाली किड्यांचं एक ओसाड राज्य, आणि त्यात हातात खिळ्यासारखी तलवार घेतलेला एक एवढासा योद्धा. वाट कुणी सांगत नाही, आपणच शोधत जायचं. जागोजागी बाक असतात. बाकावर बसलं की जखमा भरतात, आणि मेल्यावर जाग येते तीही शेवटच्या बाकावरच. 'जिओ' हे त्या राज्यातलं चलन. मोबाइलच्या रिचार्जशी त्याचा काही संबंध नाही. हे सांगितलं तेव्हा आईने पदराने डोळे पुसले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

या गेममधलं मरण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण घरातलं भांडण तिथूनच उगवत होतं. मेलात की जवळचे सगळे जिओ तिथेच राहतात, आपल्याच काळ्या सावलीपाशी. शिवाय आत्म्याचं जे भांडं असतं त्याला तडा जातो, म्हणजे ताकद पूर्ण भरत नाही. मग बाकावरून निघायचं, तीच अवघड वाट पुन्हा तुडवायची, त्या सावलीशी लढायचं आणि आपलं आपण परत मिळवायचं. पण वाटेत दुसऱ्यांदा मेलात तर जुनी सावली गेली आणि तिच्याजवळचे जिओ कायमचे गेले. सोहमचे तीन हजार असे दुसऱ्या मरणात गेले होते. एका नकाशासाठी, एका दिव्यासाठी तो कित्येक दिवस साठवत होता.

आईला म्हटलं, आठवडाभर भांडण झालं की फक्त वेळ लिहून ठेवा. बाकी काही करू नका. सात दिवसांत पाच भांडणं झाली, आणि पाचही 'जेवायला चल'वरून. सोहमला ती वही दाखवली. तो नुसता बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, या पाचही दिवशी माझी सावली बाहेर होती."

उरलेल्या दोन दिवशी तो पहिल्या हाकेला ताटावर आला होता. त्या दिवशी जिओ खिशात होते.

मी विचारलं, "गेम बंद केला तर सावली पळून जाते का?"

"नाही. तिथेच थांबते. उद्या उघडला तरी असते."

"हे तुला माहीत होतं?"

"हो. पण मन मानत नाही ना. वाटतं, आत्ताच आणायला पाहिजे."

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात: शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. ते गेलेलं समोर दिसत असेल, हात लांब केला की मिळेल असं वाटत असेल, तर उठणं फार कठीण होतं. सोहम उद्धट नव्हता. तो अर्ध्या वाटेवर होता, आणि त्याच क्षणी बाहेरून आवाज येत होता, "किती वेळा सांगायचं?" घाईघाईत तो सावलीकडे धावायचा, वाटेतच मरायचा, आणि मग ते सगळं आईवर निघायचं.

म्हणून ठरवलं की घड्याळ बाजूला ठेवायचं आणि बाक धरायचा. आईने जेवणाच्या वीस मिनिटं आधी एकदाच सांगायचं, "पुढच्या बाकाला ये." बाकावर बसला की बंद. सावली बाहेर असेल आणि वीस मिनिटांत मिळाली नाही, तर त्याने कागदावर लिहायचं, सावली कुठे आहे आणि किती जिओ आहेत, आणि उठायचं. लिहिल्याने मन थोडं सैल होतं, हे मी परीक्षेच्या भीतीतही पाहिलं आहे. हा कागद त्याला सुरुवातीला बालिश वाटला. दोन आठवड्यांनी त्याने स्वतःच त्यासाठी एक छोटी वही केली.

रागाचं मोजमाप आम्ही नाशिककरांसारखं केलं. पूर आला की आपण आकडे कुठे बघतो? गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते विचारतो. सोहमला विचारलं, आत्ता पाणी कुठवर? गुडघ्याला, कमरेला, छातीला? कमरेला लागलं की हात बटणावरून काढायचे, खिडकीशी जाऊन उभं राहायचं. त्याने कंट्रोलर आपटला ते पाणी गळ्याशी आल्यावर. कमरेला असताना त्याला ते कळतच नव्हतं. आता घरात आईसुद्धा विचारते, "मारुती कुठवर?" आणि तो खरं सांगतो.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. मी त्याला सुचवलं की सोपा गेम घे किंवा अवघडपणा कमी करता येईल असा घे. असे गेम आहेत. प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन या २०२४ च्या गेममध्ये वार परतवणं किती कठीण ठेवायचं तेसुद्धा खेळणारा ठरवू शकतो. सल्ला वाईट नव्हता, पण वेळ चुकली. सोहमचा चेहरा उतरला. "म्हणजे मी हरलो असंच ना?" पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. मी फोन केला, माफी मागितली. कुठली लढाई लढायची हे मुलाने ठरवू द्यायचं असतं. मी त्याच्या आईइतकीच घाई केली होती.

परत आला तो दुसरा गेम घेऊन. नाइन सोल्स, तैवानच्या रेड कँडल गेम्सचा, तोही २०२४ चा. यात सगळी मदार पॅरीवर, म्हणजे समोरच्याचा वार नेमक्या क्षणी आपल्या शस्त्रावर झेलून परतवण्यावर. नुसतं पळून किंवा नुसतं मारून मोठ्या शत्रूंपुढे (मुलं त्यांना 'बॉस' म्हणतात) निभाव लागत नाही. वेळ अचूक साधली तर आपल्याला बळ मिळतं. थोडी चुकली तर आतली इजा होते, ती सांभाळून राहिलं तर हळूहळू भरून येते. सोहम इथे प्रत्येक वेळी लवकर बटण दाबत होता. शत्रूने हात उचलला की याचं बोट गेलंच.

मी विचारलं, "तू बघतोस कुठे?"

थोडा विचार करून म्हणाला, "माझ्या लाइफकडे. वर कोपऱ्यात."

किती उरलंय याकडे डोळे, म्हणून समोरचा काय करतोय ते दिसत नाही. मग त्याने एक प्रयोग केला. दहा वेळा फक्त मरायला जायचं, एकही वार करायचा नाही, फक्त शत्रूचा खांदा आणि पाय बघायचे. मरणारच आहोत हे आधीच ठरलेलं, त्यामुळे भीती नाही. त्या दहा मरणांत तो जेवढं शिकला तेवढं आधीच्या तीन दिवसांत शिकला नव्हता. हा प्रयोग माझा नाही, त्याचाच. मला तो इतका आवडला की आता इतर मुलांना त्याच्या परवानगीने सांगते.

त्याच दिवशी बॅगेतून क्लासच्या चाचणीचा कागद अर्धा बाहेर आलेला दिसला. पंचाहत्तर प्रश्नांपैकी चौतीस कोरे. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं की एक जातो. सोहमला येत असलेले प्रश्नही त्याने सोडले होते. गेममध्ये भीतीने बोट लवकर पडत होतं, पेपरमध्ये भीतीने पेनच उचलत नव्हतं.

"एक गुण गेला तर काय होतं?" मी विचारलं.

आणि तिथे तो पहिल्यांदा घराबद्दल बोलला. मार्क कमी पडले की बाबा बोलणं बंद करतात. रागावत नाहीत, हात उगारत नाहीत, नुसते गप्प. कधी दोन दिवस, कधी अकरा. रविवारी सगळे मिळून मिसळ खायला जातात तेही बंद. आई मधल्या मधे निरोप पोचवत राहते. तो म्हणाला, "गेममध्ये मला माहीत असतं, किती गेलं आणि ते कुठे पडलंय. घरी काय परत आणलं की बाबा बोलतील, ते कुणी सांगतच नाही."

मी त्या दिवशी पुढे काही लिहून घेतलं नाही. वही मिटली.

एवढ्या कठोर गेममध्येसुद्धा शिक्षेला हद्द असते. नियम सगळ्यांना ठाऊक असतो, बाक पक्का असतो, आणि परत यायची वाट उघडी असते. म्हणून मुलं शंभर वेळा मरतात आणि एकशे एकाव्यांदा उठतात. घरातली शिक्षा किती, कधीपर्यंत, आणि कशाने संपेल हे कळत नसेल, तर सोळा वर्षांचा मुलगा पेपर कोरा सोडून येणारच.

वडील भेटायला आले ते रात्रपाळी करून, थेट. शांत माणूस. म्हणाले, "मी शिक्षा म्हणून गप्प बसत नाही हो. माझे वडील पट्ट्याने मारायचे. तसं माझ्या हातून होऊ नये म्हणून मी तोंडच बंद ठेवतो." त्यांना हे सांगताना लाज वाटत होती. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला. पण त्यांचं गप्प बसणं पोराला कसं पोचतं, तेही सांगितलं. ठरलं एवढंच: चाचणी बिघडली तर त्याच दिवशी बोलायचं, चुकलेले तीन प्रश्न एकत्र बघायचे, आणि मिसळीला जायचंच.

अशी भांडणं ज्या घरात आहेत, त्या सगळ्याच घरांत इतकं सरळ असतं असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे. त्यात पाहतात ते असं: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टी मागे पडल्या आहेत, नुकसान होतंय तरी थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय. मुलगा शाळा-कॉलेज सोडू लागला, झोप उलटी झाली, मित्र तुटले, खरे पैसे जाऊ लागले, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. सोहममध्ये यातलं काही नव्हतं. तो क्लासला जात होता, मित्रांत होता, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारून आलेला मुलगा होता.

ऑक्टोबरमध्ये तो शेवटचा आला. त्या आठवड्याच्या चाचणीत कोरे प्रश्न चौदा, चुकलेले आधीपेक्षा जास्त, एकूण गुण दहाने वाढलेले. क्लासमधली बॅच तीच राहिली, वर सरकली नाही. त्याने ते आधी बाबांना दाखवलं, मग आईला.

मग म्हणाला, "मॅडम, परवा बाबा माझा बॉस बघायला बसले. रात्रपाळीहून आले होते. मी सहा वेळा मेलो. सातव्यांदा मारला आणि ओरडून मागे बघितलं तर ते झोपलेले."

"वाईट वाटलं?"

"नाही," तो म्हणाला. "खुर्चीवरच झोपले होते. उठून गेले नव्हते."