डिसेंबर-जानेवारीत पुण्यात फिरायला कोणती टेकडी, कोणती बाग?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरअखेर काही आठवडे कोथरूडला मुक्काम आहे, सोबत आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि पहाटे साडेपाचला जाता येईल अशी जागा हवी आहे. जागा सांगतो, पण आधी ते साडेपाच सोडा.

पुण्यात पहाटेच्या फिरण्याला जवळजवळ धर्मकृत्याचा मान आहे. उजाडायच्या आत टेकडी उतरलेला माणूस दिवसभर बाकीच्यांकडे जरा कीव केल्यासारखाच बघतो. उन्हाळ्यात ते ठीक. थंडीत आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतो, त्यामुळे जमीन रात्रभर निवत जाते. तिला लागून असलेली हवा गार, जड होऊन खालीच बसते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. एरवीच्या बरोबर उलट. मग शेकोट्यांचा, जाळलेल्या पालापाचोळ्याचा, गाड्यांचा धूर वर जाऊच शकत नाही. नदीकाठच्या सखल भागात हे जास्तच. टेकडीवरून सकाळी खाली बघाल तर शहरावर करडा थर दिसेल. लोक धुकं समजून त्याचे फोटो काढतात. ऊन तापलं की हवा ढवळते आणि थर विरतो. जानेवारीत सूर्य उगवतोच मुळी सातनंतर, तेव्हा आठच्या सुमारास घर सोडा. शिवाय टेकड्यांवर अंधारात एकट्यादुकट्याला लुबाडल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात.

तुम्हाला स्वतःला वेताळ टेकडी. शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. लॉ कॉलेज रस्त्याकडून, गोखलेनगरकडून, पाषाणकडून अशा बऱ्याच वाटांनी चढता येतं. ग्लिरिसिडियाच्या दाटीतून चालताना रान हिरवं वाटतं, पण ते बाहेरून आणून लावलेलं झाड आहे आणि त्याच्याखाली इथलं फारसं काही वाढत नाही. खरी मजा उघड्या, खडकाळ उतारांवर. तिथे सालई शोधा. पानं गळलेली असतात, पण खोडाची साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटत असते आणि तिरप्या उन्हात ती उजळते. गणेराची पिवळी फुलं बघायची असतील तर मुक्काम फेब्रुवारीपर्यंत लांबवावा लागेल. पक्ष्यांसाठी जुन्या दगडाच्या खाणीपाशी थोडं थांबा, पाण्यावर वर्दळ असते. शेपटी थरथरवत दगडावरून दगडावर जाणारा छोटा पक्षी दिसला तर तो थिरथिरा, आपल्याकडचा हिवाळी पाहुणा.

एक व्यावहारिक गोष्ट: लोकरीचे मोजे घालून जाऊ नका. या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यात घुसली की बाहेर ओढताना उलटी अडकतात. ती ज्या दिशेने आत गेली त्याच दिशेने पुढे ढकलून काढायची. अंगठ्याजवळ राहिलेलं एखादं संध्याकाळपर्यंत टोचत राहतं. आणि वाळल्या गवतात विडी-सिगारेट अजिबात नको, वणवे असेच लागतात.

फर्ग्युसन कॉलेजमागची हनुमान टेकडी लहान आहे, वेळ कमी असेल त्या दिवशी पुरे. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली ती याच भागात.

पर्वतीचं सगळेच सुचवतील. १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि सोप्या, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. आईंना तिथे नेऊ नका, तुम्ही एकटे जाऊन या. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांचं निधन तिथेच झालं.

आईंसाठी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे, वाटा जवळजवळ सपाट, मध्ये पाणी, बसायला जागा. हिरवळीवर पसरून डबा खायची सवय मात्र तिथे चालत नाही. दुसरी एम्प्रेस गार्डन. लांब पडेल, पण प्रचंड जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेले अजस्र वेल बघायला जावंच. जानेवारीच्या शेवटी, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, तिथे पुष्पप्रदर्शन असतं. फुलं सुरेख, गर्दी भयंकर. सुट्टीचा दिवस टाळा.

आणखी एक. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. उशिरा निघायचं म्हणजे अकराला नव्हे, नाहीतर फाटकावरून परत यावं लागेल. संध्याकाळी गेलात तर सहानंतर लगेच अंधारतं आणि गारठाही झटकन पडतो, तेव्हा आईंसाठी कानटोपी घ्या. पुणेकर हसणार नाहीत. डिसेंबरात इथे निम्मं शहर कानटोपीतच असतं.